त्या मुलीला कुणी विचारलं का?

विषय छापलाय तो असा: ‘जुने किशोरवयीन चित्रपट आज बघवतात का?’ त्याचं उत्तर देणारच आहे. पण आधी एक विचारते. शाळा किंवा ट्यूशन बुडवून ज्यांनी टॉकीजमध्ये पिक्चर बघितलंय, त्यांनी हात वर करा. बघा, सगळ्यात पहिला हात दुसऱ्या रांगेतल्या आजोबांचा! आणि शेजारी आजी त्यांच्याकडे वळून बघताहेत, म्हणजे घरी ही बातमी आजच फुटली.

माझाही हात वर आहे. १९९० सालचा जानेवारी, मी नववीत. ‘मैंने प्यार किया’ डिसेंबरच्या अगदी शेवटी प्रदर्शित झाला होता आणि इंदूरभर त्याचीच चर्चा. सलमानचा जन्म इंदूरचा, लताबाईंचा जन्म इंदूरचा. आम्हा मुलींना वाटायचं, हे आपल्या घरचंच कार्य आहे, जायलाच पाहिजे. गणिताच्या ट्यूशनच्या वेळी आम्ही चौघी रामबागेतून सायकलींवर निघालो. मध्यंतरात कचोरीच्या रांगेत उभ्या होतो, तर पुढे कोण? बाबांच्या ऑफिसातले काका. ते काही बोलले नाहीत. माझ्यासाठी एक कचोरी जास्त घेतली, हातात दिली आणि संध्याकाळी घरी येऊन बाबांना सगळं सांगून गेले. त्या कचोरीची चव मी अजून विसरलेली नाही.

घरी आरडाओरडा झाला नाही. बाबांनी सायकलीला कुलूप घातलं. आईनं जाहीर केलं की आता रेडिओ बंद, मैत्रिणी बंद. आठ दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही, आणि तेच मला सगळ्यात लागलं. काय बघितलंस, का जावंसं वाटलं, एवढं एकानंही विचारलं नाही. ते आठवलं की आजही घशात काहीतरी अडकतं.

विचारलं ते आजीनं. लसूण सोलत बसली होती. म्हणाली, “इकडे बस गं. काय होतं त्या पिक्चरमध्ये? सगळं सांग, गाण्यांसकट.”

तीन संध्याकाळी मी ते पिक्चर सांगितलं. कबुतर सांगितलं, ‘फ्रेंड’ लिहिलेली टोपी सांगितली. आपला लक्ष्मीकांत बेर्डे त्यात आहे म्हटल्यावर आजी खूश. हिरोची आई म्हणजे आपल्या रीमा लागू, हेही तिला आवडलं. (नायिका भाग्यश्री सांगलीच्या पटवर्धनांची, हे कळलं असतं तर चौथी संध्याकाळ लागली असती.) मग मुलीचा बाप हिरोला अट घालतो: महिन्याभरात स्वतःच्या मेहनतीनं दोन हजार रुपये कमावून दाखव. तो ट्रक चालवतो, खाणीत दगड फोडतो. इथे आजीचे हात थांबले. म्हणाली, “बाप अट घालतो, पोरगा राबतो, ठीक. पण त्या मुलीला कुणी विचारलं का, बाई, तुला काय हवंय?”

मला उत्तर आलं नाही. आज पस्तीस वर्षं झाली, कुठलाही पोरासोरांचा सिनेमा लागला की मी त्यात आधी हेच शोधते. माझं म्हणणं एवढंच आहे. कपडे, केसांची वळणं, टेलिफोनचे डबे या गोष्टींनी सिनेमा शिळा होत नाही. पंधरा वर्षांचं पोर जसं तेव्हा धडपडायचं तसंच आज धडपडतं. तपासायची असतात ती त्या सिनेमातली मोठी माणसं. ती पोरांचं ऐकतात का?

गेल्या दिवाळीत माझ्या सोळा वर्षांच्या भाचीबरोबर तोच सिनेमा पुन्हा बघितला. गाण्यांना ती माझ्याबरोबर गात होती. साठीतल्या लताबाई त्यातल्या तरुण नायिकेसाठी, सुमनसाठी गातात आणि कुठे खटकत नाही, हे तिला खरंच वाटेना. पण संपल्यावर म्हणाली, “मावशी, मुलगा-मुलगी मित्र असूच शकत नाहीत, हे व्हिलनचं वाक्य. आणि शेवटी पिक्चरनं त्याचंच म्हणणं खरं करून दाखवलं ना?” मी हा सिनेमा किती वेळा बघितला असेन, मला हे कधी दिसलं नव्हतं.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं उरलीत म्हणे. मग बाकीचे भराभर घेते.

‘बॉबी’, १९७३. डिंपल सोळा वर्षांची. मुलीच्या मागे लागणं म्हणजे प्रेम, असं त्यात जागोजागी आहे आणि ते आज बघवत नाही. पण शेवटी दोघांचे बाप पोरांसाठी पाण्यात उड्या घेतात. उशिरा का होईना, हलतात. म्हणून तो अर्धा टिकला. ‘कयामत से कयामत तक’, १९८८. तिथे मोठ्यांना आपलं वैर सुटत नाही आणि पोरं जातात. वाईट वाटतं ते अजून तितकंच, कारण तसे बाप अजून आहेत. ‘सैराट’ २०१६ चा, त्यानं तेच दाखवून दिलं.

आणि ‘गुड्डी’, १९७१. माझ्या मते सगळ्यांत ताजा. जया भादुरी जबलपूरची, आपल्या मध्य प्रदेशाची. शाळकरी मुलगी धर्मेंद्रच्या प्रेमात पडते. घरचे चिडवू शकले असते, कोंडू शकले असते. तिच्या वहिनीचा मामा काय करतो? थेट धर्मेंद्रला गाठतो, आणि दोघं मिळून तिला कॅमेऱ्यामागचं जग दाखवतात: तिथली राबणारी, थकलेली माणसं. तिचं खूळ कुणी थट्टेवारी नेत नाही. दोन मोठी माणसं एका पोरीच्या वेडासाठी आपला वेळ खर्च करतात! १९७१ साली! वसंत देसाईंनी चाल लावलेली त्यातली प्रार्थना कितीतरी शाळांत म्हटली जाते, ते ठाऊक असतं. मामा मात्र कुणाला आठवत नाही.

‘शाळा’ या मराठी सिनेमाबद्दल बोलायचं राहिलंच. आणीबाणीतले ते मास्तर, तो नरूमामा... असो, दिवे मिचकावताहेत.

माझी भाची मागे दाराशी उभी आहे. माझी दोन मिनिटं उरली आहेत. इकडे ये गं, माइक घे. तुला यातलं काय पटलं नाही, ते सांग.