काहीच दिसत नाही

[दृश्य: टेबलावर एक छोटी वही. पेन्सिलीने लिहिलेल्या वेळा.]

ही माझ्या आईची वही. खरं तर हिशेबाची, पण मागची पानं तिने जिभेसाठी राखून ठेवली आहेत. "उठल्यावर ठीक. अकराला सुरू. जेवताना बरं. सहानंतर असह्य." पानामागून पान, तीन महिन्यांहून जास्त दिवसांचं.

तिची जीभ भगभगते. गरम काही घाईघाईत प्यायलं की शेंडा पोळतो ना, अगदी तसं. पण पोळलेली जीभ दोन-चार दिवसांत बरी होते, हिची झालीच नाही. तोंडाला कोरड पडते आणि मधूनच तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते. आरशात पाहावं तर जीभ गुलाबी, स्वच्छ. फोड नाही, चट्टा नाही.

[दृश्य: दाताच्या दवाखान्यातली खुर्ची. वरचा दिवा लागतो.]

पहिल्या डॉक्टरांनी मनापासून तपासलं, हे आधीच सांगते. एका दाढेची कड जिभेला घासत असेल म्हणून ती गुळगुळीत केली. पुढच्या खेपेला जुनं फिलिंग बदललं. एक्स-रे काढला, त्यातही काही निघालं नाही. मग ते म्हणाले, "काहीच दिसत नाही. हवं तर ही दाढ काढून बघू."

"काढून बघू" म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. औषध लागू पडलं नाही तर थांबवता येतं. काढलेली दाढ परत बसत नाही.

[दृश्य: चेहऱ्याचं रेखाचित्र. कानापुढून तीन फांद्या कपाळाकडे, गालाकडे, जबड्याकडे जातात.]

तोंडाचं दुखणं नेमकं कुठून येतंय हे ओळखणं अवघड का असतं, ते या चित्रात दिसतं. दात, हिरडी, सायनस, जबड्याचा सांधा, जिभेचा पुढचा भाग, या सगळ्यांच्या वेदना मुख्यतः एकाच मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातात. त्याला ट्रायजेमिनल म्हणतात आणि त्याच्या तीन शाखा आहेत. आत इतके धागे एकत्र येतात की मेंदूचीही गफलत होते. सायनस सुजतो आणि वरच्या दाढा ठणकतात. चावण्याचा स्नायू आखडतो आणि खालची दाढ दुखल्यासारखी वाटते. क्वचित चालताना किंवा जिना चढताना जबडा भरून येतो, विश्रांती घेतली की थांबतो, आणि दुखणं असतं हृदयाचं. तिथे आधी हृदयाची तपासणी, दाताचं नंतर.

ट्रायजेमिनल न्युरॅल्जियात, म्हणजे याच मज्जातंतूच्या दुखण्यात, तर विजेचा झटका बसावा तशी कळ येते. सेकंदाच्या काही भागापासून दोन मिनिटांपर्यंत टिकते. ब्रश लागला, वाऱ्याची झुळूक आली, एवढं पुरतं. असे कितीतरी रुग्ण एकामागून एक चांगले दात काढून बसतात, आणि कळ तशीच राहते.

[दृश्य: एक दाढ, अगदी जवळून. बाजूने निळसर प्रकाश टाकलेला.]

आता ही दाढ बघा. कीड नाही, एक्स-रे साफ. माणूस सांगतो, "चावताना एवढं नाही, पण दात उघडले की कळ उठते." हे वाक्य ज्या डॉक्टरांनी नीट ऐकलं, त्यांना अर्धं उत्तर मिळालेलं असतं. दाढेत बारीक तडा असला की दाब सुटताना दोन्ही बाजू हलतात आणि आतल्या नसेला झोंबतं. तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो आणि एक्स-रे बाजूने घेतलेला असतो, म्हणून फोटोत तो उमटत नाही. या दुखण्याला 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' हे नाव 1964 मध्ये मिळालं. ते शोधायला दाढेच्या एकेका उंचवट्यावर प्लॅस्टिकची छोटी काडी ठेवून चावायला लावतात, मग सोडायला लावतात. बाजूने प्रकाश टाकतात. तडा असेल तिथे उजेड अडतो आणि पलीकडचा भाग अंधारा दिसतो. बघा, ही रेघ.

एक्स-रेत नाही म्हणजे आजारच नाही, असं कुणी म्हटलं तर मला ही रेघ आठवते.

[दृश्य: दारातल्या चपला. आई वही पिशवीत ठेवते.]

दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला आई तयारच नव्हती. "अगं, त्यांना वाईट वाटेल. इतकी वर्षं जातोय आपण." हा संकोच खरा असतो, त्याला हसू नये. शेवटी मी पहिल्या डॉक्टरांनाच सरळ सांगितलं. त्यांनी एक्स-रे आणि केलेल्या कामाच्या नोंदी पाकिटात घालून दिल्या आणि म्हणाले, "काय निघतं ते मलाही कळवा." ते पाकीट फार उपयोगी पडलं. नाहीतर दुसरीकडे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

दुसऱ्या डॉक्टर ओरल मेडिसिनच्या, म्हणजे दातांपेक्षा तोंडाच्या आजारांच्या तज्ज्ञ. त्यांनी आरसा हातात घ्यायच्या आधी वही वाचली. मग आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी मागितली, कारण रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या कितीतरी गोळ्यांनी लाळ आटते.

[दृश्य: छोटं मोजपात्र. त्यात लाळेचा एक थेंब.]

त्यांनी आईला मान खाली घालून बसायला सांगितलं. गिळायचं नाही, बोलायचं नाही, लाळ आपोआप या पात्रात पडू द्यायची. पाच मिनिटं. इतकी साधी तपासणी! मिनिटाला 0.1 मिलिलिटरपेक्षा कमी लाळ सुटली तर तोंड खरोखरच कोरडं आहे असं धरतात. आईची लाळ थोडी कमी होती, पण तेवढी नाही. मग बुरशीसाठी स्वॅब घेतला. रक्तातलं लोह, बी-12, फोलेट, साखर, थायरॉईड, सगळं पाहिलं. कवळी असती तर तिच्याखालची जागाही पाहिली असती. टूथपेस्ट बदलायला सांगितली, काहींच्या जिभेला तिच्यातला फेस आणणारा घटक झोंबतो म्हणून.

सगळे रिपोर्ट ठीक आले. आई हिरमुसली. "म्हणजे माझ्या मनाचेच खेळ." डॉक्टर म्हणाल्या, "नाही हो. बाकी सगळं वगळल्यावरच या आजाराचं नाव घेता येतं."

बर्निंग माउथ सिंड्रोम. रोज दोन तासांहून जास्त, तीन महिन्यांहून अधिक काळ जळजळ, आणि तोंडात दिसण्यासारखं काही नाही, अशी त्याची व्याख्या आहे. पाळी थांबल्यानंतरच्या वयातल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. अशा काही रुग्णांच्या जिभेचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा वरच्या थरातले बारीक मज्जातंतू विरळ झालेले दिसले. म्हणजे आरशात दिसत नव्हतं, पण होतं.

आणि ती दाढ? प्लॅस्टिकच्या काडीवर चावून झालं, थंडाला तिने नीट दाद दिली. डॉक्टर म्हणाल्या, "ही निरोगी आहे. राहू दे."

[दृश्य: खुर्चीवरचा दिवा विझतो.]

काही गोष्टींत मात्र वही लिहीत बसू नये. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, मानेत गाठ, आणि कारण नसताना ओठ किंवा हनुवटी बधिर होणं. यांना लगेच दाखवायचं, गरज पडली तर बायोप्सी करायची. पहिले डॉक्टर "बघू या" म्हणाले तर दुसऱ्यांकडे त्याच आठवड्यात जायचं.

[दृश्य: पुन्हा वही. आईचा हात.]

आईच्या जिभेवर गोळी चघळून थुंकायचा उपचार सुरू आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आजार गेलेला नाही. पहिल्या डॉक्टरांना मी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी आजाराचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.

कालच्या तारखेखाली आईने लिहिलंय, "चारला सुरू झालं."

तीन महिन्यांपूर्वी ते अकराला व्हायचं.