लोकीला खुर्चीवरून उठवायचं का?

नमस्कार मंडळी, ठाण्याच्या नौपाड्यातून बोलतेय. आज शनिवार, १८ नोव्हेंबर २०२३, आणि उद्या अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल आहे, त्यामुळे तुमच्या डोक्यात दुसरं काही नसणार हे मला माहितीये. आमच्याकडेही बुधवारी कोहलीचं पन्नासावं शतक आणि शमीच्या ७ विकेट बघितल्यापासून सगळे हवेतच आहेत. पण मला आज दुसऱ्या एका शेवटाबद्दल बोलायचंय. आठ दिवस झाले, रोज कोणी ना कोणी त्याच्याबद्दल माझ्याशी भांडतंय, आणि माझं डोकं अजून त्यातून बाहेर आलेलं नाही.

तर ‘लोकी’, मार्व्हलची सिरीज. दुसऱ्या सिझनचा शेवटचा एपिसोड आपल्याकडे गेल्या शुक्रवारी आला, १० तारखेला, बरोब्बर धनत्रयोदशीला. ज्यांनी अजून बघितला नाही त्यांना हात जोडून सांगते, आत्ता रेडिओचा आवाज बारीक करा आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत या. मी शेवट सांगणार आहे. तो न सांगता यावर बोलताच येत नाही.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला निघत होते आणि भाच्याचा फोन आला, कासारवडवलीहून. बारावीला आहे तो. म्हणाला, "आत्या, बघितलास का? नाही ना? मग काही विचारू नकोस, बघ आणि मग बोलू," आणि ठेवला. आवाज जड होता त्याचा. मला वाटलं घरी काही झालंय, मी वहिनीला फोन लावला तर ती म्हणे, "काही नाही गं, ते तुमचं लोकी बघून रडतोय सकाळपासून, फराळाला पण आला नाही." आता बारावीचा मुलगा क्लास बुडवून रडतोय म्हटल्यावर दुसऱ्या घरात ओरडा बसला असता. आमच्या वहिनीने त्याला दोन तास एकटं सोडलं, ह्याचं मला फार कौतुक वाटलं.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लोकी हा मार्व्हलच्या सिनेमांतला, थॉर नावाच्या सुपरहिरोचा भाऊ, दत्तक. २०११ मध्ये सिनेमात पहिल्यांदा आला, टॉम हिडलस्टनने काम केलं, आणि मग २०१२ मध्ये न्यूयॉर्कवर सैन्य घेऊन चालून आला, मी राजा होणार, माझा जन्मच मोठ्या कार्यासाठी झालाय म्हणत. २०१८ मध्ये थॅनोस नावाच्या व्हिलनच्या हातून मेला. सिरीजमधला लोकी म्हणजे त्या २०१२ मधून निसटलेला, काळाच्या कारकुनांनी पकडून नेलेला दुसरा लोकी. हो, कारकूनच, त्यांचं एक मोठं ऑफिस आहे, फायली, शिक्के, खाकी रंगाचं सगळं, आणि काम काय तर काळ सरळ रेषेत चालतोय ना ते बघायचं. ठाणेकराला हे वेड समजावून सांगायला नको, १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी आपल्याच गावात येऊन थांबली आणि तेव्हापासून आपण मिनिटांवरच जगतोय.

तर या ऑफिसात एक अवाढव्य माग आहे, काळाचा माग. भिवंडी शेजारी असल्यामुळे आपल्याला मागाचं काय नवल, पण हा माग कापडाऐवजी काळाचे धागे विणतो. धागे इतके वाढतात की मागाला झेपत नाही, तो फुटतो आणि सगळं संपतं. लोकीला काळात मागे जाता येतं, म्हणून तो परत परत मागे जातो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा फुटतं. शेवटी तो विचारतो की हे यंत्र समजून घ्यायला मला किती वर्षं लागतील, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर अक्षरं येतात, काही शतकांनंतर. शतकं, मंडळी. तो शतकं बसून फिजिक्स शिकलाय. मग सगळं बिनचूक करतो, एकही चूक नाही, आणि तरी माग फुटतोच, कारण धागे अनंत आहेत आणि माग कितीही मोठा केला तरी तो मागच.

शेवटी तो स्वतःच त्या मरणाऱ्या धाग्यांकडे चालत जातो, माग मोडून टाकतो, धागे हातात घेतो, आणि त्याच्या हातात ते पुन्हा जिवंत होतात, हिरवे. ते सगळे ओढत तो एका पडक्या सिंहासनाकडे जातो आणि बसतो. कायमचा, एकटाच. धाग्यांचं झाड होतं, नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांच्या पुराणातला विश्ववृक्ष, इग्द्रसिल. पुढे क्रेडिट्सनंतर एकही सीन नाही. संपलं.

मी हे शुक्रवारी रात्री बघितलं, दिवे लावून झाल्यावर, आई बाजूला पाटावर चकल्या पाडत होती आणि हिंदीतून लावलं होतं म्हणून ती पण अधूनमधून बघत होती. तिच्याबद्दल नंतर सांगते.

रविवारी नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून भाचा आणि त्याचा ग्रुप राम मारुती रोडला आला, तुम्हाला माहितीच आहे दिवाळी पहाटेला तिथे आणि तलावपाळीला काय गर्दी असते, नवे कुर्ते, साड्या, ढोल, स्पीकर, पाय ठेवायला जागा नाही. मी पण गेले होते. आणि त्या सगळ्या आवाजात ही पाच-सहा पोरं मासुंदा तलावाच्या कठड्याला टेकून लोकीवर भांडत होती, इतक्या पोटतिडकीने की मला वाटलं आता हे मारामारी करतात.

भाचा चिडलेला होता. रडून झालं होतं, आता राग आला होता. त्याचं म्हणणं मला नीट सांगायचंय कारण मला ते पटतं. पाचव्या एपिसोडमध्ये लोकी सिल्वीला, म्हणजे दुसऱ्या काळातल्या बाई-लोकीला, कबूल करतो की मला माझे मित्र परत हवेत, मला एकटं राहायचं नाहीये. एवढ्या वर्षांच्या सगळ्या बढायांच्या खाली हेच होतं, एकटेपणाची भीती, आणि ते त्याने पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. आणि पुढच्याच एपिसोडला लिहिणाऱ्यांनी त्याला तेच दिलं ज्याला तो सगळ्यात जास्त घाबरत होता. "आत्या, हा न्याय आहे का? जो सुधारला त्यालाच शिक्षा?" मी काही बोलले नाही, काय बोलणार. त्याचा प्रश्न खरा आहे.

त्यांच्यातली एक मुलगी आहे, इंजिनिअरिंगला, ती म्हणाली की तुम्ही सगळे शेवटच्या पाच मिनिटांवर रडताय पण मी त्या शतकांवर रडले. कारण आम्हाला लहानपणापासून सांगितलंय की नापास झालास म्हणजे अभ्यास कमी पडला. इथे एक जण शतकं अभ्यास करतो आणि सगळं बरोबर येऊनही जमत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही, गणितच तसं आहे. हे मला कुणी तरी आधी सांगायला हवं होतं, असं म्हणाली आणि मग फोनमध्ये बघायला लागली. मी ते ऐकून गप्पच झाले. तो सीन मी बघताना हसले होते, इतक्या पटापट तो तेच तेच करत असतो म्हणून. परत जाऊन बघितला, आणि या वेळी नाही हसू आलं.

सगळ्यांना आवडला असंही नाही हां. माझ्या सकाळच्या लोकलमधली मैत्रीण, कळव्याहून येते, सोमवारी डब्यात म्हणाली की चार एपिसोड नुसती बडबड, यंत्र, वायर, आणि मग शेवटी एकदम तुम्ही रडा. आणि त्या काळाच्या ऑफिसातल्या बाईचं, रेनस्लेअरचं, काय झालं? तिला त्या काळाच्या उकिरड्यावर टाकलं, समोरून जांभळा उजेड आला आणि विषय संपला. हे तिचं बरोबर आहे, ते अर्धवटच सोडलंय, आणि मधले एक-दोन एपिसोड मलाही ढकलत न्यावे लागले. पण मी तिला म्हटलं, तू चार एपिसोड कंटाळलीस तरी सहाही शुक्रवार बघितलंस ना? तर म्हणाली, "मोबियससाठी." मोबियस म्हणजे त्याच ऑफिसातला लोकीचा मित्र. त्यावर मग मुलुंड येईपर्यंत आम्ही दोघी मोबियसवरच बोललो. तो शेवटी ऑफिस सोडतो आणि स्वतःचं जे आयुष्य त्याच्याकडून काढून घेतलं होतं ते लांबून बघायला जातो. घर, अंगण, दोन मुलं. आत जात नाही. सिल्वी विचारते आता कुठे जाणार, तर म्हणतो की इथेच जरा थांबतो, वेळ जाऊ देतो. आणि तो वेळ जातोय कारण तिकडे कोणीतरी धागे धरून बसलंय. मला विचाराल तर अख्ख्या सिरीजमधलं हे सगळ्यात मोठं वाक्य आहे, आणि किती साधं.

या वेळी अजून एक वेगळी गोष्ट झाली. अमेरिकेत कलाकारांचा संप चालू होता, जुलैपासून, ११८ दिवस, आणि तो मिटला ९ नोव्हेंबरला, म्हणजे तिकडे हा एपिसोड आला त्याच दिवशी. त्यामुळे शेवटचा एपिसोड येईपर्यंत नट मुलाखती देत नव्हते, त्यांच्यापैकी कोणी समजावून सांगितलं नाही की ह्याचा अर्थ असा आणि त्याचा तसा. आमच्याकडे जे काही बोलणं झालं ते बघणाऱ्यांचंच झालं. मला वाटतं म्हणूनच पोरं इतकी मोकळेपणाने भांडली, नटांकडून उत्तर आधीच आलेलं नव्हतं.

भाऊबीजेला दादा आला, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दीड तास काढून, आणि ओवाळून झाल्यावर मॅच लागली तरी मधल्या ब्रेकमध्ये हाच विषय. दादाने सिरीज बघितलेली नाही. पण त्याने एक गोष्ट सांगितली जी माझ्या लक्षातच आली नव्हती. म्हणाला, आपण शक्तिमान बघायचो ना, सत्त्याण्णव साली लागलं, किती वर्षं चाललं, सांग बरं त्याचा शेवट काय झाला? मला आठवेना. त्यालाही आठवेना. कधीतरी आपण मोठे झालो, कधीतरी ते बंद झालं. आपल्याला कुणी शेवट दिलाच नाही, म्हणून आपल्याला कधी असं रडायलाही मिळालं नाही, असं दादा म्हणाला, आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला. शुक्रवारी क्लास बुडवला म्हणून त्याने त्याला चांगलं झापलं होतं, असं वहिनीने नंतर सांगितलं.

आता माझं म्हणणं. भाच्याच्या ग्रुपला तिसरा सिझन हवाय, किंवा पुढच्या कुठल्या तरी सिनेमात थॉरने येऊन त्याला सोडवावं असं तरी. मला नकोय. पहिल्या सिझनच्या पहिल्या एपिसोडचं जे नाव होतं, ‘ग्लोरियस पर्पज’, तेच या शेवटच्या एपिसोडचं आहे. ते त्याचंच वाक्य, २०१२ चं, तेव्हा छाती फुगवून म्हटलेलं. आता खुर्चीवर बसताना तो एक शब्द बोलत नाही, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर जेमतेम हसू. वर्तुळ पूर्ण झालं. आणि मूळ पुराणात बघा, नॉर्स लोकांच्या कथेत लोकीला बांधून ठेवलंय, डोक्यावर साप, सापाचं विष थेंब थेंब गळतं, बायको भांडं धरून बसते, भांडं रिकामं करायला वळली की थेंब अंगावर पडतो आणि तो तडफडतो तेव्हा भूकंप होतो. प्रलय येईपर्यंत तो असाच बांधलेला. सिरीजवाल्यांनी काय केलं तर त्याला शेवटी बांधलेलाच ठेवला, पण दोर त्याच्याच हातात दिले. तो स्वतः बसलाय. त्याला ओढून बाहेर काढलं तर हे सगळं पुसलं जाईल. पैशासाठी एखादी चांगली गोष्ट परत उघडतात आणि तिचा भुगा करतात हे आपण किती वेळा बघितलंय. बसू द्या त्याला.

हे सगळं मी परवा घरी तावातावाने बोलत होते, भाचा इथेच राहिला होता, आणि आई तुळशीला पाणी घालून आत आली. ती चकल्या पाडताना जेवढं बघितलं तेवढ्यावरून म्हणाली, "अगं तो विठोबाच की." अठ्ठावीस युगं विटेवर, पुंडलिकाने थांब म्हटलं म्हणून थांबला, कोणासाठी तरी थांबला. माझ्या अंगावर काटा आला. मी लगेच भाच्याला म्हटलं, बघ, आजी पण माझ्याच बाजूने आहे, विठोबाला कोणी विटेवरून उतरवतं का?

तर आई म्हणाली, "थांब थांब. विठोबाकडे माणसं जातात. आषाढीला जातात, कार्तिकीला जातात, पायाला हात लावतात. ह्याच्याकडे कोण जातं?"

मला उत्तर सुचेना. भाचा पण गप्प.

"आणि पुढच्या गुरुवारी कार्तिकी एकादशी आहे," ती म्हणाली, "चार महिने झोपलेल्या देवाला त्या दिवशी आपणच उठवतो. देवाला चालतं उठवलेलं. तुम्ही कोण ठरवणार ह्याला उठवायचं नाही म्हणून?"

भाच्याने माझ्याकडे असं काही बघितलं की काय सांगू. मग तो आजीला म्हणाला, पहिल्यापासून लावू का, दोन्ही सिझन, बारा एपिसोड आहेत. आईने विचारलं, हिंदीत आहे ना सगळं? उद्या मॅच आहे, तेव्हा सोमवारपासून बघायचं ठरलंय, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर रोज एक, फक्त गुरुवारी नाही, तेव्हा तिचा उपास आणि भजन असतं. ती संपवेपर्यंत मी माझं म्हणणं राखून ठेवलंय.