बेभान या शब्दाशी माझं भांडण

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नाचाचं कौतुक करायचं असलं की आपण एक शब्द हमखास वापरतो. ‘काय बेभान होऊन नाचली!’ हा शब्द ऐकला की मी अस्वस्थ होते. नाचणाऱ्याचं भान जातं, असं सगळ्यांनी मुळी गृहीतच धरलेलं आहे. तीसेक वर्षं नाचल्यावर आणि नाच शिकवल्यावर माझा अनुभव अगदी उलटा आहे, आणि आज तेवढंच सांगायला मी आले आहे.

मी कथक शिकवते. पण गेली पंधरा वर्षं कथक न येणाऱ्या, आणि ते शिकायचंही नसलेल्या लोकांना मी नाचायला उभं करते. कुणाला ध्यानाला बसवत नाही म्हणून ते येतात, कुणाला घरच्यांनी ‘जरा मोकळी हो’ म्हणून पाठवलेलं असतं. बहुतेकांची अपेक्षा एकच: एकदाचं सगळं विसरायला व्हावं, डोकं बंद पडावं, साठलेलं रडू बाहेर यावं. आणि सुरुवातीची काही वर्षं मी तेच विकत होते. विकत होते, हाच शब्द बरोबर आहे. दिवे मंद करायचे, ढोलाची लय चढवत न्यायची, सगळ्यांना डोळे मिटायला लावायचं आणि मधून फिरत ‘सोडा, सगळं सोडून द्या’ म्हणायचं. तासाभरात दोन-चार जण हमसून हमसून रडायचे. मला वाटायचं, वा, जमलं.

एक बाई तिसऱ्या वेळी आल्या नाहीत. मी फोन केला. त्या चिडल्या वगैरे नव्हत्या. म्हणाल्या, ‘तुमच्याकडे रडून घरी गेले, आणि पुढचे तीन दिवस कशात हात घालवेना. तुम्ही बांध फोडता हो, पण पाट कुठे काढलाय?’

पाट! इतकी वर्षं मी बांध फोडण्यावर खूश होते.

नुसतं बाहेर काढल्याने मन हलकं होतं, ही समजूत फार जुनी आहे आणि ती तपासलेलीही आहे. 2002 मध्ये ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. आधी लोकांना राग आणला, मग काहींना मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले, तेही ज्याच्यावर राग आहे त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून. राग निवळला नाही, उलट याच लोकांचा सगळ्यात जास्त उरला. जे काहीच न करता नुसते बसले होते, त्यांचा सगळ्यात कमी. आता राग म्हणजे दुःख नव्हे, आणि ठोसे म्हणजे नाच नव्हे. तरी माझ्या मंद दिव्यांमागचा सिद्धांत नेमका हाच होता: आठवा आणि झोडपा. तो चुकीचा निघाला.

मग पाट काढायचा कसा? मला पहिलं उत्तर मिळालं ते एका खिळ्यात.

तुर्कस्तानातल्या कोन्याच्या मेव्हलेवी दरवेशांची, म्हणजे एका सूफी पंथाच्या साधकांची, गिरकी तुम्ही पाहिली असेल. पांढरा घेर, उंच टोपी, उजवा तळवा वर, डावा खाली. सूफी कवी जलालुद्दीन रूमी 1273 मध्ये वारले, त्यांच्या मागे हा पंथ उभा राहिला, आणि ही गिरकी म्हणजे त्यांची साधना. भान हरपण्याचं याहून मोठं चित्र कुठलं, असं आपल्याला वाटतं. पण नवशिक्याचा अभ्यास कसा व्हायचा? त्याला एक लाकडी फळी देत. फळीच्या मधोमध एक गुळगुळीत खिळा. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात तो खिळा धरायचा, फळीवर मीठ पसरायचं म्हणजे तळव्याची कातडी निघणार नाही, आणि मग फिरायचं. डावा पाय खांब, उजवा पाय चाक. खांबाने जागा सोडायची नाही. गिरकी पाहताना आपल्या डोळ्यांत भरतो तो घेर, आणि शिकणाऱ्याचं सगळं लक्ष त्या बेचक्यात. टोपी म्हणजे थडग्याचा दगड आणि घेर म्हणजे कफन, अशी त्या पोशाखाची खूण आहे. म्हणजे माणूस स्वतःच्या मरणाचे कपडे अंगावर घालून नाचायला उभा राहतो, आणि त्याला काम काय दिलेलं असतं, तर पाय सरकू देऊ नकोस.

मला यातलं शहाणपण कळायला फार वेळ लागला. मोठी भावना आणि छोटं काम. भावना जितकी मोठी, तितकं काम बारीक हवं.

कथकमधलं उदाहरण देते, कारण ते माझ्या पायातलं आहे. तत्कार, म्हणजे पायांचा पहिला धडा. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. आठ मात्रा, दोनदा केलं की तीनतालाचं सोळा मात्रांचं आवर्तन पुरं. ऐकायला बालवाडीतलं वाटतं. पण पाय बघा. उजवा, डावा, उजवा, डावा. आणि पाचव्या मात्रेला पुन्हा डावाच. मग उजवा, डावा, उजवा. आणि नव्या आवर्तनाला पुन्हा उजवाच. चालण्याची सवय पायाला सांगते, आता दुसऱ्याची पाळी. बोल सांगतात, थांब, तूच. त्या दोन जागांवर मन जरा जरी भाजीत, हप्त्यात किंवा भांडणात गेलं की पाय चुकतो, आणि चुकला की लगेच ऐकू येतं. सगळा तळवा एकदम पडला तर आवाज भरीव येतो. भार बोटांवर राहिला तर पोकळ. म्हणजे पंचवीस जणांच्या घोळक्यात डोळे मिटूनही मला कळतं, कोण इथे आहे आणि कोण घरी गेलंय.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद आणि नाचणारे यांच्या अनुभवातून ज्याला ‘फ्लो’, म्हणजे कामात पुरतं बुडून जाणं, म्हटलं, त्याच्या अटी इथे आपसूक पुऱ्या होतात. पुढे काय करायचं हे स्पष्ट असतं. केलं ते बरोबर की चूक, हे तत्क्षणी कळतं. आणि काम अंगातल्या कसबाच्या एक पायरी वर असतं. पाय बसला की गुरू लय दुगुनीत नेतात, तीही बसली की चौगुनीत. आपल्या भाषेत याला तल्लीनता हा जुना शब्द आहेच. तल्लीन म्हणजे ‘त्यात’ लीन. हे ‘त्यात’ महत्त्वाचं. विरघळायला काहीतरी हवं ना! नुसतं ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्याने त्या ‘त्यात’चीच सोय केलेली नसते.

मग भावनेचं काय? ती कुठे जाते? इथे मला जरा थांबायचं आहे.

1930 मध्ये अमेरिकी नर्तकी मार्था ग्रॅहॅम यांनी एक छोटा एकल नाच बसवला, ‘लॅमेंटेशन’, म्हणजे विलाप. जवळजवळ संपूर्ण नाच बाकावर बसून होतो. अंगावर जांभळ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची एक नळी, चेहरा, हात आणि पावलं तेवढी बाहेर. आतून कोपर, गुडघे त्या कापडाला ढकलतात, कापड ताणलं जातं, पण सुटका होत नाही. त्या स्वतः एक आठवण सांगत. प्रयोगानंतर एक स्त्री त्यांना भेटायला आत आली. तिचा लहान मुलगा तिच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली गेला होता, आणि तोवर तिला रडताच आलं नव्हतं. त्या दिवशी ती रडली.

तिला कुणी ‘सोड’ म्हटलं नव्हतं. रंगमंचावर कुणी ऊर बडवत नव्हतं. होतं ते फक्त आतून ताणलेलं कापड. तिचं दुःख तिला बाहेर दिसलं, आणि तिथे ते एकट्या तिचं नव्हतं.

आपल्या शास्त्रकारांनी हे फार नेमकं सांगून ठेवलंय. शोक वेगळा आणि करुण रस वेगळा. शोक हा भाव, माझ्या घरचा, माझ्या नावाचा. करुण हा रस, त्यावरची ‘माझा’ ही चिठ्ठी गळून पडलेली असते. भट्टनायकाने याला साधारणीकरण म्हटलं, आणि त्यानंतरच्या अभिनवगुप्ताने रसाच्या अनुभवाला विश्रांती हा शब्द जोडला. मला हा शब्द अतोनात आवडतो. उद्रेक नाही, स्फोट नाही, विश्रांती. नाचून मोकळं वाटतं ते भावना संपते म्हणून नव्हे. ती माझ्या एकटीच्या अंगावरून उतरते आणि लयीत जाऊन बसते, म्हणून. हे शास्त्रकार मुख्यतः प्रेक्षकाबद्दल बोलत होते, हे मला ठाऊक आहे. नाचणाऱ्याला ते लावणं ही माझी आगळीक समजा.

सोबत नाचण्याचा भाग यातच येतो. 2015 मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलामुलींवर ब्रॉन्विन टार आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. जोरात नाचल्याने दुखणं सहन करण्याची ताकद वाढते, हे अपेक्षितच होतं. पण सगळ्यांनी एकाच वेळी एकच हालचाल केली, तर त्यानेही ती वाढते, मग श्रम कमी का असेनात. शेजाऱ्याबरोबर पाऊल पडलं की सोसायला बळ येतं, एवढा अर्थ मी घेते.

आता कुणी म्हणेल, मग मुक्त नाच, मनाला येईल तशी हालचाल, हे सगळं बाद? मुळीच नाही. गॅब्रिएल रॉथ यांच्या पाच लयींच्या पद्धतीत गोंधळाची लय आहेच. पण ती तिसरी! आधी वाहती लय, मग तुटक, ठाशीव, मग कुठे गोंधळ, आणि नंतर हलकी लय आणि शेवटी स्थिरता. मेरी व्हाइटहाउस यांच्या पद्धतीत माणूस डोळे मिटून आतून हालचाल येण्याची वाट बघतो, पण समोर एक साक्षी बसलेला असतो. तो टोकत नाही, टाळ्या वाजवत नाही, फक्त बघतो. म्हणजे तिथेही खिळा आहे, फक्त तो दुसऱ्या माणसाच्या नजरेचा आहे.

एक गोष्ट घाईने पण नीट सांगते. ज्यांच्यावर मोठा आघात झालाय, त्यांनी माझ्यासारख्या नाच शिकवणाऱ्यांवर विसंबू नये. मेरियन चेस 1942 पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात रुग्णांसोबत नाचाचं काम करू लागल्या, आणि नृत्योपचार ही त्यानंतर रीतसर शिक्षण असलेली विद्याशाखा झाली. ती माणसं वेगळी, त्यांचा अभ्यास वेगळा. ‘साधना’ या शब्दाच्या आड उपचाराचा आव आणणारे पुष्कळ आहेत. मी त्यातलीच एक होते.

आता माझ्या वर्गात काय होतं? दिवे पूर्ण लावलेले असतात. आधी अर्धा तास फक्त पाऊल. मग लय वाढते, मग ज्याला जशी हवी तशी मोकळी हालचाल, पण तळव्याचा आवाज सोडायचा नाही. शेवटी दहा मिनिटं जमिनीवर पडून राहायचं. या दहा मिनिटांना लोक सगळ्यात जास्त घाबरतात. काहींचा हात आपोआप मोबाइलकडे जातो.

गेली दोन वर्षं एक निवृत्त गृहस्थ येतात. पत्नी गेल्यावर मुलीने नाव घातलं. पहिल्या दिवशी म्हणाले, ‘मुलगी म्हणते बाबा रडत नाहीत, म्हणून आलो. कुठे रडायचं ते सांगा.’ त्यांची उजवी टाच जमिनीला लागतच नसे, जुनी दुखापत. आम्ही वर्षभर त्या टाचेवरच काम केलं. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांचा आवाज पहिल्यांदा भरीव आला. आठही मात्रा, दोन्ही पाय. ठेका माझ्या हातात होता आणि मी, खरं सांगते, त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. आता येईल पाणी, आता येईल.

नंतर मी विचारलं, ‘काका, आज कसं वाटलं? हलकं?’

ते म्हणाले, ‘ते काय सांगता येत नाही. पण अहो बाई, मधे तुमचा ठेका पळाला. अकराव्या-बाराव्या मात्रेला.’

पळाला होता.