हायसिंथसाठी उसना हिवाळा

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत हायसिंथ हा शब्द उच्चारला की बहुतेकांना पवई तलावावर पसरलेली जलपर्णी आठवते, कारण तिचे इंग्रजी नाव वॉटर हायसिंथ असे आहे. या दोन वनस्पतींचे साम्य मात्र नावापुरतेच आहे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, पाण्यावर तरंगणारी आणि काढून टाकता टाकता महापालिकेला पुरे करणारी. आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो हायसिंथ तुर्कस्तान, सीरिया आणि लेबनॉनच्या खडकाळ उतारांवरचा, कांद्यासारखा दिसणारा कंद आहे. तो शतावरीच्या कुळातला असून आपला निशिगंधही याच कुळात मोडतो, आणि दोघांच्या सुवासातला दाटपणा पाहता हे नाते पटकन पटते. फारसी आणि उर्दू शायरीत तो सुंबुल म्हणून येतो आणि प्रेयसीच्या कुरळ्या केसांना त्याची उपमा दिली जाते. इराणी प्रथेत नवरोजला मांडल्या जाणाऱ्या हफ्तसीनच्या मेजावरही सुंबुलचा घोस ठेवतात.

हा कंद मुंबईत फुलवायचा तर आधी त्याचे वर्ष समजून घेतले पाहिजे. त्याच्या मायभूमीत उन्हाळा कोरडा असतो. पाने वाळून गेलेली असतात, कंद जमिनीत निजलेला दिसतो, पण त्या उबेतच त्याच्या पोटात पुढच्या हंगामाचे फूल तयार होत असते. शरद ऋतूतल्या पावसाने मुळे फुटतात, त्यानंतर थंडीचे दोन-तीन महिने जातात आणि वसंतात दांडा वर सरकतो. म्हणजे आपण विकत आणतो त्या कंदात फूल आधीच असते. त्याला बाहेर काढणारा दांडा लांबण्यासाठी थंडी लागते. ती मिळाली नाही तर घोस कंदाच्या मानेशीच, पानांच्या बेचक्यात अडकून कसाबसा उमलतो. नाशिककडच्या शेतकऱ्याला थंडीने कांद्याला डेंगळे येतात हे चांगले ठाऊक असते. त्याला ते नको असतात. आपल्याला इथे तसाच दांडा हवा आहे, एवढाच फरक.

ही थंडी ५ ते ९ अंश सेल्सियसची आणि साधारण १० ते १२ आठवड्यांची असावी लागते. सांताक्रूझला जानेवारीतही पहाटेचे तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास राहते, तेव्हा मुंबईच्या मातीत किंवा गॅलरीतल्या कुंडीत कंद थेट पुरून फुलांची वाट पाहणे म्हणजे निराशा ओढवून घेणे होय. आपल्याकडे हिवाळा आहे तो फ्रिजमध्ये, आणि तोच या कंदाला उसना द्यावा लागतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंद मिळू लागले की हाताला घट्ट आणि जड लागणारे, बुडाशी मऊ नसलेले असे निवडावेत. व्यापारात त्यांची प्रतवारी घेराच्या सेंटिमीटरवर करतात. घरात फुलवायला १८-१९ सेंटिमीटर घेराचे मोठे कंद उत्तम. बाहेरच्या वाफ्यात मात्र मध्यम कंदच बरे, कारण मोठ्या कंदाचा जड घोस वाऱ्यापावसात आडवा होतो. आणखी एक गंमत अशी की कंदाच्या पापुद्र्यावरून फुलाचा अंदाज बांधता येतो: जांभळट सालीतून निळी, जांभळी किंवा गुलाबी फुले निघतात आणि पांढरट सालीतून पांढरी किंवा पिवळी.

कंद भोके पाडलेल्या कागदी पिशवीत भरून, तारीख घालून, फ्रिजच्या खालच्या खणात ठेवावेत. बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नयेत. पिशवीवर ठळक अक्षरांत 'खायचे नाहीत' असेही लिहावे, कारण हे कंद विषारी आहेत आणि स्वयंपाकाच्या घाईत ते कांदे म्हणून हाती लागू शकतात. घरात कुत्रे-मांजर असेल तर त्यांच्यापासूनही ते दूर ठेवावेत. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. त्याच्या सालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू चिरताना हाताला सुटते तशीच ही खाज असते.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी सर्व काही नेमाने केले आणि पिशवी चिकूंच्या शेजारी ठेवली. जानेवारीत पाने आली, पण दांड्याच्या टोकाला वाळलेल्या, तपकिरी चोथ्याशिवाय काही नव्हते. आंब्याच्या अढीत एखादा आंबा आधी पिकला की तो बाकीच्यांनाही पिकवतो, ते ज्या इथिलीन वायूमुळे घडते, तोच वायू कंदातल्या कोवळ्या फुलाला मारतो. तेव्हापासून आमच्या फ्रिजमध्ये त्या तीन महिन्यांत फळे नसतात, आणि घरातल्यांनी याविषयी जे काही म्हटले ते आकाशवाणीवरून सांगण्याजोगे नाही.

मुदत पुरी झाली की कंद कुंडीत लावावेत. निम्मे कोकोपीट आणि निम्म्यात माती व वाळू असे हलके मिश्रण घ्यावे, कंदाचा शेंडा मातीवर दिसत राहील इतपतच तो पुरावा, आणि कुंडी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, पहिल्यांदा मंद उजेडात ठेवावी. पाणी बेताने घालावे. साचलेल्या पाण्यात कंदाचे बूड कुजायला वेळ लागत नाही. मातीऐवजी बारीक मानेच्या काचेच्या भांड्यातही हायसिंथ फुलतो, आणि मला तोच प्रकार अधिक आवडतो, कारण पांढरी मुळे पाण्यात उतरताना दिसतात. तिथे नियम एकच: पाणी कंदाच्या बुडाच्या किंचित खाली राहावे, त्याला टेकू नये. पाणी आठवड्याला बदलावे आणि त्यात कोळशाचा लहानसा तुकडा टाकावा म्हणजे वास येत नाही. दांडा बुटका राहील असे वाटले तर त्यावर कागदाचा शंकू करून काही दिवस ठेवावा. उजेडाच्या ओढीने तो उंचावतो.

पुढे दोन-तीन आठवड्यांत घोस उमलतो. थंड देशांत तो पंधरवडाभर टिकतो, आपल्याकडे मात्र त्याहून बराच कमी. उन्हापासून आणि स्वयंपाकघराच्या उष्णतेपासून दूर ठेवून, रात्री कुंडी पुन्हा फ्रिजमध्ये सरकवली तर त्याचे दोन-चार दिवस वाढतात, असा माझा अनुभव आहे. घोस नवरोजला, म्हणजे २१ मार्चला हवा असेल, तर १२ आठवडे थंडीचे आणि ३ आठवडे वाढीचे धरून कंद ६ डिसेंबरच्या सुमारास फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. तरीही मी ऑक्टोबरमध्ये ठेवून जानेवारीतच फुले घेणे पसंत करतो, कारण मार्चच्या उकाड्यात ती पाहता पाहता माना टाकतात.

उघड्यावर लागवड करायची तर ती हिमालयाकडे. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली खुल्या झालेल्या ट्युलिप उद्यानात हायसिंथचेही ताटवे असतात. तशा हवेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत कंद १० ते १५ सेंटिमीटर खोल लावतात. फुले गेल्यावर फक्त दांडा कापतात आणि पाने पिवळी पडेपर्यंत राहू देतात, कारण पुढच्या वर्षीच्या फुलाचा साठा तीच भरतात.

मुंबईत एकदा फुलवलेल्या कंदाकडून दुसऱ्या वर्षी फुलाची अपेक्षा ठेवू नये. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा नुसती पाने मिळाली. ज्यांचे कोणी थंड प्रदेशात राहते त्यांनी कंद तिकडे पाठवावेत, बाकीच्यांनी ते खतात टाकावेत. मोकळ्या झालेल्या कुंडीत एप्रिलमध्ये निशिगंधाचे कंद पाच-सहा सेंटिमीटर खोल लावले तर पावसाळ्यात फुले येतात, आणि त्यांना फ्रिजची गरज पडत नाही.

नमस्कार.