पुढचा पतंग : आधी लगाम, मग ताकद

श्रोतेहो, नमस्कार.

आज पॉवर काइटबद्दल बोलणार आहे. काटाकाटीचा आपला कागदी पतंग नव्हे. हा कापडाचा, बिनकामटीचा. पुढच्या तोंडांतून हवा शिरली की फुगून पंखासारखा होतो आणि माणसाला वाळूवरून ओढत नेतो. तुमच्यापैकी काहींकडे दोन दोऱ्यांचा, दीड-दोन चौरस मीटरचा शिकाऊ पतंग असेल. आता तो हाताला सरावला, आकाशात इंग्रजी आठ सहज काढता येतो, आणि मन म्हणतं, पुढचा घेऊ या. पण पुढचा म्हणजे कुठला?

बहुतेक जण आकार बघतात. दोनचा होता, आता पाचचा घेऊ, म्हणजे बरीच वर्षं पुरेल. मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी ही खरेदी करू नका. सैल सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात, आकाशातला पतंग दुमडता येत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच : आधी लगाम, मग ताकद. लक्षात ठेवा, आधी लगाम, मग ताकद.

हे मला पटवलं दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शाळामास्तरांनी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे जॉर्ज पोकॉक. लहानपणी पतंगाच्या दोरीला दगड बांधून तो उचलला जातो का, हे बघणारा मुलगा. मोठे झाले, मास्तर झाले, तरी वेड गेलं नाही. 1824 साली त्यांनी सुमारे नऊ मीटरचा पतंग केला, त्याच्या दोरीला खुर्ची टांगली आणि खुर्चीत बसवलं कुणाला? स्वतःच्या मुलीला, मार्थाला! पोर वर गेली जवळजवळ 80 मीटर आणि सुखरूप खाली आली. आज कुठला बाप हे करणार नाही, करूही नये. पण त्या मुलीची छाती बघा. या मार्थाबाई पुढे क्रिकेटच्या दर्दी झाल्या, घरचीच पोरं मैदान गाजवू लागली, आणि त्यांतला एक म्हणजे डब्ल्यू. जी. ग्रेस. होय, इंग्लंडचे गाजलेले क्रिकेटपटू, तेच दाढीवाले ग्रेस. क्रिकेटच्या पुस्तकांत ग्रेस यांच्या फलंदाजीवर पानंच्या पानं असतात. त्यांच्या आईवर आणखी चार पानं लिहायला काय हरकत आहे, असं मला नेहमी वाटतं.

तर पोकॉक. 1826 साली त्यांनी कर्नल जेम्स व्हायनी यांच्याबरोबर पतंगाने चालणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. गाडीचं नाव शार्व्होलांट. घोडा नाही, बैल नाही. एकाच लांब दोरीवर एकामागे एक असे दोन पतंग, आणि गाडी धावते तासाला तीस किलोमीटरच्या आसपास, चांगली माणसं बसवून! रेल्वे अजून ब्रिस्टलला पोचायची होती, ते दिवस. त्या काळी तिथे रस्तोरस्ती टोलनाके असत आणि पैसे ठरत ते गाडीला किती जनावरं जुंपली आहेत त्यावर. ही गाडी नाक्यावर आली की नाकेदाराने मोजायचं काय? पतंगाचा दर त्याच्या तक्त्यात नव्हता. गाडी फुकट पुढे! अहो, प्रत्येक शाळेत असा एक तरी मास्तर हवा. मुलांना वारा काय असतो ते पुस्तकातून कळत नाही, दोरी हातात दिल्यावर कळतं. आपल्या शाळांनी वर्षातून एक तास पतंगाला द्यावा, विज्ञानाचाच तास म्हणून द्यावा.

पण गोष्टीचं मर्म पुढे आहे. मोठे पतंग जगात आधीही होते. पोकॉकनी वेगळं केलं ते दोऱ्यांचं. मुख्य दोरीच्या जोडीला त्यांनी आणखी दोऱ्या लावल्या : डावी-उजवीकडे वळवायला, आणि पतंग झुकवून त्याची ओढ कमी करायला. रस्त्यावर माणसं बसवून जायचं तर ओढ कमी करता आली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं.

आता तुमच्या खरेदीकडे येऊ. पुढचा पतंग चार दोऱ्यांचा घ्या. वरच्या दोन दोऱ्या भार घेतात, खालच्या दोन ब्रेक. शिवाय मनगटाला पट्टे असतात, ते ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेले. दोऱ्या ज्यांना बांधतात त्या हातातल्या मुठी सोडल्या की पट्टे ब्रेक ओढतात आणि पतंग जोर सोडून खाली येतो. हे पट्टे नसतील तर पतंग उघडू नका. आकार तीन ते चार चौरस मीटर, त्याहून मोठा नको. आणि रुंद, आखूड आकाराचा घ्या. लांब निमुळता पंख वेगवान असतो, जास्त ओढतो, पण वारा विस्कळीत झाला की दुमडतो.

आता वाऱ्याचं गणित, नीट ऐका. पतंग दुप्पट मोठा झाला की ओढ साधारण दुप्पट होते. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. पुन्हा सांगतो, पतंग दुप्पट तर ओढ दुप्पट, वारा दुप्पट तर ओढ चौपट. तासाला बारा किलोमीटरच्या वाऱ्यात लाडका वाटणारा पतंग चोवीसच्या वाऱ्यात चौपट जोराने खेचेल. म्हणून नवा पतंग पहिल्यांदा हलक्या वाऱ्यात, मोकळ्या किनाऱ्यावर उडवा. विजेच्या तारांजवळ नको, इमारतींच्या आडोशाला नको, तिथे वारा गिरक्या घेतो. जिथे काचेचा मांजा उडतोय तिथे तर मुळीच नको.

कुणाचा वापरलेला घेत असाल तर आधी दोऱ्या तपासा. भार घेणाऱ्या वरच्या दोऱ्या कालांतराने ताणून लांब होतात, ब्रेकच्या तशाच राहतात. मग ब्रेक कायम लागलेला राहतो, पतंग वर चढतच नाही, मागे मागे पडतो, आणि लोक पतंगाला नावं ठेवतात. चारही दोऱ्यांची एक टोकं खुंटीला अडकवा, दुसरी टोकं सारख्या जोराने ओढा, जिथे फरक दिसेल तिथे गाठ सरकवून लांबी जुळवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि विकणाऱ्यासमोरच करा.

नमस्कार.