गाड्यांचे मजले आधी काढा, फ्लॅट मागनं

मंडळी, आपल्या बेळगावात गणपत गल्लीत, खडेबाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचंय ते टिळकवाडीत, कॉलेज रोडच्या बाजूला जुने बंगले पाडून ज्या उंच बिल्डिंगी यायला लागल्यात त्यांच्याबद्दल. फ्लॅट घेताना आपण किचन कुठल्या दिशेला, वारं कसं, गॅलरी केवढी सगळं बघतो, पण खाली जे गाड्यांचे मजले असतात ते प्लॅनमध्ये सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत कसेतरी बसवलेले असतात आणि पुढची पन्नास वर्षं त्रास तिथंच होतो.

कॉलमचंच बघा की. खोल्या १०-१२ फुटांच्या, म्हणून कॉलमपण तेवढ्यावरच येतात. एक कार लावायला ८ फूट रुंदी लागते. दोन कॉलममध्ये ११ फूट मोकळे मिळाले तर एकच कार बसते, ३ फूट वाया, आणि हे प्रत्येक खणात. तेच कॉलम २६ फुटांवर घेतले तर मध्ये तीन कार आरामात लागतात, मग वरच्या भिंती त्या हिशोबानं मांडायच्या. नाहीतर मध्ये जाड ट्रान्सफर स्लॅब, म्हणजे वरच्या कॉलमचं वजन दुसऱ्या जागी असलेल्या खालच्या कॉलमवर नेणारा स्लॅब, टाकून वरचे कॉलम सरकवावे लागतात, तेही होतंय, पण त्यातली सळी आणि काँक्रीट शेवटी तुमच्याच फ्लॅटच्या किमतीत येतं.

आता रॅम्प. बेसमेंट ११ फूट खाली असेल आणि उतार १० ला १ धरला तर रॅम्प ११० फूट लांब लागतो, ८ ला १ असा तीव्र केला तरी ८८ फूट. आपल्याकडं कितीतरी प्लॉटच तेवढे लांब नसतात ओ! मग उतार अजून खडा करतात, खाली पोचताना गाडीचं पोट घासतं, आणि वर येताना त्याहून वाईट होतं, म्हणजे बॉनेट वर उचललेलं असतं, ड्रायव्हरला समोर नुसतं आभाळ दिसतं आणि त्याच क्षणी फुटपाथवरनं शाळेतलं पोर चाललेलं असतं. म्हणून रॅम्प संपल्यावर, फुटपाथच्या अलीकडं, निदान एक गाडी उभी राहील एवढी सपाट जागा पाहिजेच. ह्याच्यात तडजोड करू नका, मी हात जोडून सांगतो. आणि रॅम्पचं तोंड मेन रोडवर नको, बाजूच्या गल्लीत काढा.

पाण्याचं तर आपल्याला माहीतच आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा शहरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला, शहापूर-वडगावकडच्या सखल भागात बेसमेंट काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी ठिकाणी काढलं तरी रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा, खाली जाळीचा गटार, पंप आणि लाईट गेल्यावर तो पंप चालवायला जनरेटर, हे सगळं आलंच.

बेसमेंट नको तर गाड्या वर न्या, म्हणजे पोडियम, जमिनीच्या वर गाड्यांचे मजले आणि त्यांच्यावर फ्लॅट. चांगलंय, वारं आपोआप खेळतं, पाण्याची भीती नाही. पण रस्त्याकडनं तीन-चार मजले नुसती जाळी आणि भिंत दिसायला लागली की तो रस्ता संध्याकाळी मरतो. रस्त्याच्या बाजूला दुकानं, दवाखाने ठेवा, गाड्या त्यांच्या मागं. शिकागोत १९६० च्या दशकात बर्ट्रांड गोल्डबर्ग ह्या आर्किटेक्टनं मरिना सिटी बांधली, ६५-६५ मजल्यांचे दोन गोल टॉवर, त्यातले खालचे १९ मजले गाड्यांचे, बाजू उघड्या, फ्लॅट त्याच्यावर. दिसायला देखणं, पण ते सगळं गोल गोल फिरत वर जाणारं उतरतं फ्लोअर आहे, उद्या गाड्या कमी झाल्या तर तिथं दुसरं काय करणार? आपल्याकडं फ्लोअर सपाट ठेवा, रॅम्प वेगळा काढा आणि उंची जरा जास्त द्या, म्हणजे पुढं तिथं ऑफिस, क्लासेस काहीतरी करता येईल.

आणि एक, आपलं गाव टू व्हीलरचं. एका कारच्या जागेत पाच स्कूटर लागतात, तरी प्लॅनमध्ये त्यांची जागा वेगळी दाखवत नाहीत, मग त्या रॅम्पवर नाहीतर लिफ्टच्या दारात लावल्या जातात. त्यांची जागा तळमजल्यावर, गेटजवळ द्या, चार्जिंगच्या पॉइंटसकट.

बुकिंगला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅट नंतर बघा, आधी बेसमेंटचं ड्रॉइंग मागा आणि तुमच्या नंबरच्या जागेत दोन्ही बाजूची दारं उघडतात का ते टेप लावून मोजा.