रोलच्या कॅमेऱ्यात दवबिंदू
साताऱ्याजवळचं कासचं पठार. पावसाळ्यात इथल्या जांभ्यावरच्या बोटभर मातीत दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. पानांवर केसांसारखे तंतू आणि तंतूच्या टोकाला चिकट, चकाकता थेंब. टाचणीच्या डोक्याहूनही लहान.

हा थेंब ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आहे तेवढ्याच आकारात उमटवायचा, तर ५० मिलिमीटरची लेन्स आणखी ५० मिलिमीटर पुढे न्यावी लागते. त्यासाठी कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब (पोकळ नळी) किंवा बेलोज (लांबी कमी-जास्त होणारा भाता) बसवायचं. पण लेन्स पुढे सरकली की फिल्मवर पोचणारा प्रकाश चौथाईवर येतो.

आणि एवढं करून एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बरंच बारीक ठेवून, स्पष्ट काय येतं? जेमतेम दोन मिलिमीटरची खोली. पुढचा थेंब धारदार आला, तर मागचा विरघळला. अ‍ॅपर्चर आणखी बारीक केलं, तर सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून पान फिल्मला समांतर येईल असा कॅमेरा लावायचा, ट्रायपॉडचे पाय जमिनीलगत पसरायचे आणि चिखलात पालथं पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा.

व्हेल्व्हिया ही रंगांसाठी अनेकांची लाडकी स्लाइड फिल्म (धुतल्यावर जिच्यावर थेट खऱ्या रंगातलं पारदर्शक चित्र मिळतं अशी) १९९० साली आली. तिचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, अवघा ५०; म्हणून प्रकाश जास्त लागे. दाट ढगांत शटर सेकंदभर तरी उघडं ठेवावं लागे. पठारावरचा वारा तेवढी उसंत देतो कुठे!

फ्लॅश मारला तर थेंब स्थिर येतो, पण मागचं गवत काळंकुट्ट होतं. भर दुपारचा फोटो रात्रीचा वाटतो. त्यात फ्लॅशचा हिशोब हातानं करायचा. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ नं फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजायला सुरुवात केली आणि हा ताप बराच कमी झाला. क्लोज-अप काढणाऱ्यांसाठी रोलच्या काळात याहून मोठी सोय झाली नसेल, असं मला वाटतं.

स्लाइडला चूक खपत नाही. अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश पडला, की थेंबावरची चमक धुऊन निघते. म्हणून तीच चौकट तीनदा टिपायची: कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक मीटर सांगेल तशी, थोडी कमी, थोडी जास्त. म्हणजे ३६ च्या रोलमध्ये विषय १२ च. लॅबमधून रोल धुऊन आला, की स्लाइड दिव्याच्या पेटीवर ठेवून भिंगातून पाहायची. नेम हुकलेला दिसला, तर तोवर पठारावरचा बहर ओसरलेला असे. मग पुढचा पावसाळा येईपर्यंत थांबणं आलं.